आधी भिंत बघा, मग चित्र

वाचकाचे पत्र: मी फोंड्याच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. जानेवारीत नववीच्या चोवीस मुलांना पणजीत फोंताइन्हास, सां तोमे आणि मळा या भागांतली भित्तिचित्रे दाखवायला न्यायचा विचार आहे. पण शंका बऱ्याच आहेत. इंटरनेटवर चित्रांच्या याद्या मिळतात, मात्र त्यांतली किती चित्रे आज जागेवर आहेत ते कळत नाही. गेल्या वर्षी शेजारच्या शाळेची मुले तिथे गेली होती. एका आजींनी त्यांना पायरीवरून उठवले आणि चांगलेच सुनावले. आजींचे चुकले असेही मला म्हणवत नाही. आमचे मुख्याध्यापक विचारतात, "कॅफेच्या भिंती बघून मुले काय शिकणार? सेल्फी काढून येतील." मुलांचा हट्ट आहे की परत आल्यावर शाळेच्या कुंपणभिंतीवर आपणही चित्र काढायचे. सुरुवात कुठून करू?
— एक चित्रकला शिक्षिका, फोंडा

नमस्कार बाई,

जरूर जा. फक्त चित्रांची यादी हातात धरून जाऊ नका. पणजीतली बरीचशी नवी भित्तिचित्रे महोत्सवांच्या निमित्ताने येतात. सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल २०१६ पासून डिसेंबरात भरतो आणि त्यासोबत शहरातल्या काही भिंती रंगतात. २०१९ मध्ये सॉलोमन सोझा या चित्रकाराने, म्हणजे साळगावात जन्मलेले नामवंत चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांच्या नातवाने, स्प्रे रंगांनी गोमंतकीय व्यक्तींचे मोठमोठे चेहरे याच महोत्सवासाठी रंगवले. अशा चित्रांचे आयुष्य भिंतीच्या मालकावर आणि पावसावर ठरते. पावसाळा संपला की घर रंगवायचे ही पणजीची जुनी सवय, आणि त्या हातात भित्तिचित्रही पुसले जाते. घर विकले गेले, कॅफेचे नाव बदलले, भिंतीत नवे दार काढले, तरी चित्र जाते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या यादीवर चोवीस मुलांची सहल बेतू नका.

आठवडाभर आधी तुम्ही एकट्या किंवा एका सहकाऱ्याला घेऊन सकाळचे दोन तास तिथे फिरून या. सहा-सात भिंती निवडा, त्याहून जास्त नकोत. निवडताना मोठे आणि देखणे चित्र शोधू नका, वेगवेगळ्या जातीच्या भिंती शोधा: एक स्प्रेने रंगवलेली, एक ब्रशने, एक स्टेन्सिलची, एक अर्धी झडलेली, एक चक्क जाहिरात आणि एक काहीच न काढलेली, नुसती पिवडीने, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगाने, रंगवलेली जुनी भिंत. ही शेवटची सर्वांत महत्त्वाची, कारण बाकीच्या भिंतींवर पुढे काय होणार ते तिच्याकडे बघून कळते.

आणखी एक गोष्ट आधीच निस्तरा. "फोंताइन्हास हा युनेस्कोचा वारसा आहे" असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते आणि मुले ते वहीत उतरवून आणतील. युनेस्कोच्या यादीत १९८६ मध्ये गेली ती जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ. फोंताइन्हास त्या यादीत नाही. त्याची किंमत त्यामुळे कमी होत नाही, पण खोटा शिक्का मुलांच्या वहीत नको.

आता भिंतीकडे वळू. मुलांना तिथे शिकण्यासारखे जे आहे त्यातले अर्धे इथेच आहे.

त्या भागातली जुनी घरे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, वर चुन्याचा गिलावा. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल तो वर खेचतो. ती ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू हवेत निघून जाते. पूर्वी वर रंग म्हणजे चुन्याचाच हात: त्यात पिवडी, काव (तांबडी माती) नाहीतर नीळ मिसळलेली. चुन्याचा रंग ओल अडवत नाही. आजची बहुतेक भित्तिचित्रे अॅक्रिलिक इमल्शन नाहीतर स्प्रे रंगात असतात. हे रंग भिंतीवर पातळ पापुद्रा धरतात. आतली ओल बाहेर यायला बघते, पापुद्रा वाट देत नाही, मग आधी फुगे येतात आणि पुढे पोपडे सुटतात. ओलीबरोबर क्षारही वर येतात आणि पाणी उडाल्यावर रंगामागे स्फटिक होऊन वाढतात. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. म्हणून जुन्या भिंतीवरच्या माणसाच्या चित्राचे आधी पाय जातात, चेहरा बरीच वर्षे टिकतो. मुलांना हे शोधायला लावा: चित्र खालून किती उंचीपर्यंत गेले आहे? पट्टीने मोजू नका, आपल्या गुडघ्याशी, कमरेशी ताडून लिहा. जुन्या घरांच्या तळाशी गडद रंगाचा पट्टा का असतो, तेही मग त्यांच्या लक्षात येईल. उडालेला चिखल झाकायला आणि दरवर्षी तेवढाच भाग नव्याने रंगवायला तो सोयीचा पडतो.

चुन्याच्या भिंतीला कुठे सिमेंटचे ठिगळ लावलेले दिसले तर तिथे थांबा. सिमेंट ओल सोडत नाही, मग ती ठिगळाच्या कडेने बाहेर येते आणि कडेचा चुना भुसभुशीत होतो. चित्र नेमके तिथून फाटते. मुलांना इतकेच बजावून ठेवा की पोपडा कितीही सुटलेला असला तरी हात लावायचा नाही. तुटलेल्या कडेला रंगांचे थर दिसतात, खाली निळा, वर पिवळा, त्यावर चित्र. ते डोळ्यांनी मोजता येतात.

पुढचा प्रयोग वर्गात करता येण्यासारखा आहे. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो मुख्यतः नैऋत्येकडून येतो. पश्चिमेला आणि दक्षिणेला तोंड केलेली उघडी भिंत सगळ्यांत जास्त झोडपली जाते. पण एकाच भिंतीवरसुद्धा वळचणीखालचा वीतभर भाग कोरडा आणि सावलीत राहतो. एकाच चित्रातला एकच रंग वळचणीखाली कसा आहे आणि मध्यावर कसा आहे ते बघून दोन्ही छटा जलरंगात मिसळून वहीत शेजारी शेजारी लावायला सांगा. लाल आणि झगझगीत पिवळ्यात फरक सर्वांत जास्त सापडेल, कारण यांतले बरेच स्वस्त रंग उन्हात लवकर विटतात. लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे काव, गेरू, पिवडी यांच्या जातीचे, जवळपास तसेच असतील. काळाही टिकतो. पांढरा टिकतो, पण कालांतराने त्याची भुकटी सुटते. छपराच्या नळ्यांच्या कडेवरून नाहीतर फुटक्या पन्हाळीतून पाणी ओघळत असेल तर तिथे उभा काळा पट्टा दिसेल. ते शेवाळ आणि बुरशी असते, काळा रंग नव्हे.

चित्र कशाने काढले ते ओळखायलाही मुलांना आवडते. स्प्रेची कड धुरकट असते आणि हात थांबला तिथे थेंब ओघळलेला असतो. ब्रशच्या कडेला रंगाचा बारीक बांध उभा राहतो. रोलरची जागा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते. स्टेन्सिलच्या चित्रात आकार तुटक असतात, कारण कापलेला कागद एकत्र राहावा म्हणून मध्ये पट्ट्या ठेवाव्या लागतात. आणि ठरावीक अंतरावर सरळ उभी सांधरेघ दिसली, कोपरा थोडा सुटलेला असला, तर ते रंगवलेले नाहीच, छापून चिकटवलेले विनाइल आहे. चित्र मोठे कसे केले याच्या खुणाही कधी कधी राहिलेल्या असतात: फिकट रंगाच्या जागी खालून डोकावणारी चौकटींची रेघ, किंवा भिंतभर मारलेल्या विचित्र खुणा आणि अक्षरे. भिंतीचा फोटो काढून, त्यावर मोबाइलमध्ये आपले रेखाटन ठेवून, त्या खुणांच्या आधाराने चित्र उतरवायची ती युक्ती आहे.

वेळ आणि वाट. या भागाच्या पश्चिमेला आल्तिनोची टेकडी आहे आणि पूर्वेला रुआ द ओरेची खाडी. सकाळचे ऊन खाडीकडून येते आणि संध्याकाळी टेकडीची सावली लवकर पडते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सव्वाआठ ते साडेदहा हा तुमचा वेळ. या वेळात फोटोवाल्यांची गर्दी नसते, घरातली माणसे आपापल्या कामात असतात आणि गल्लीचे रोजचे जगणे दिसते. मंगळवार ते शुक्रवारातला दिवस घ्या, शनिवार-रविवार मुळीच नको. मळ्यातल्या मारुतीची जत्रा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येते, तिची तारीख आधी विचारून घ्या. त्या दिवसांत तो भाग फुललेला असतो आणि चोवीस मुलांना भिंत दिसायची नाही. कार्निव्हलचे दिवसही टाळा.

कदंबच्या बसने आलात तर पाटोच्या बसस्थानकावर सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन घ्या. पुढे गल्ल्यांत सोय नाही, आणि "काकी, बाथरूम वापरू?" असे विचारत दारे वाजवायची वेळ मुलांवर यायला नको. तिथून खाडी ओलांडली की दहा-बारा मिनिटांत फोंताइन्हास. सान सेबास्तियांवच्या कपेलपासून, म्हणजे लहान चर्चपासून, मळ्याकडे जा. जिच्यावरून फोंताइन्हासला नाव पडले ती झऱ्याची जागा टेकडीच्या पायथ्याशी आहे, आणि वर मारुतीचे देऊळ. मग ३१ जानेवारी रस्त्याने सां तोमेकडे उतरा आणि जुन्या पोस्टाशी थांबा. चालणे फार नाही, थांबणे फार आहे.

आता आजींविषयी. त्यांचे चुकले नाही हे तुम्हीच लिहिले आहे, त्यामुळे समजावून सांगायची गरज नाही, पण मुलांना कारण कळायला हवे. ही घरे थेट रस्त्याला लागून आहेत. ज्या पायरीवर फोटोसाठी बसायचे ती त्या घराची ओसरी आहे, आणि जी रंगीत खिडकी चौकटीत येते तिच्यामागे कोणीतरी आजारी झोपलेले असू शकते. लग्नाआधीचे फोटो काढणारे कपडे बदलायला कोपरे शोधतात, गट दारात उभे राहून मोठ्याने माहिती सांगतात, आणि हे रोज चालते. काही घरांवर फोटो काढू नयेत अशा पाट्या लागल्या आहेत त्या उगाच नाहीत.

म्हणून चोवीस मुलांचा एक घोळका करू नका. सहा-सहांचे चार गट करा, प्रत्येकाबरोबर एक मोठे माणूस, आणि प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या भिंतीपासून. एका भिंतीपाशी सात-आठ मिनिटे, मग पुढे. सूचना काय द्यायच्या त्या बसमध्येच द्या, गल्लीत शिट्टी किंवा हाका नकोत. मुलांनी चित्राच्या समोरच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. पायरी, बाल्कांव (दारापुढची बसायची ओटी), पार्क केलेली स्कूटर यांवर बसायचे नाही, टेकायचेही नाही. दार-खिडकी उघडी असेल तर फोनचा कॅमेरा खाली. कुणी रागावले तर "रस्ता सार्वजनिक आहे" असा वाद घालायचा नाही. "माफ करा, पुढे जातो" म्हणून पुढे जायचे. आधीच्या फेरीतच कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, बेकरीवाल्याला सांगून ठेवा की अमक्या दिवशी शाळेची मुले येणार आहेत. गल्लीत बातमी पोहोचते आणि अर्धा ताण तिथेच संपतो. प्रभागाच्या नगरसेवकांना शाळेच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्यात तर उत्तमच. मुलांचा खाऊही त्याच गल्लीतल्या जुन्या बेकरीतून घ्या, मात्र चोवीस नगांची मागणी आदल्या दिवशी सांगा.

मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र पुढे आहे.

हा भाग बदलतो आहे. राहती घरे गेस्ट हाऊस होत आहेत, शिंपी-न्हाव्यांच्या जागी कॅफे आणि बुटिक येत आहेत, भाडी वाढत आहेत. भित्तिचित्र या साखळीतली एक कडी आहे. एकट्या चित्राने भाडे वाढत नाही, पण चित्रासमोर फोटो काढायला गर्दी येते, गर्दी कॅफेला हवी असते, आणि शेजारच्या घराला त्यातून फक्त आवाज मिळतो. नववीच्या मुलांना हे समजते, फक्त व्याख्यान देऊ नका, नोंदी करू द्या. प्रत्येक गटाला तीनशे पावलांचा एक रस्ता द्या आणि कागदावर दोन रकाने: इथे राहणाऱ्यांना लागणारे काय काय आहे, आणि पाहुण्यांना लागणारे काय काय आहे. पहिल्यात किराणा, इस्त्रीवाला, न्हावी, शिंपी, दोरीवर वाळत घातलेले कपडे, दारातली चपलांची रांग. दुसऱ्यात खोल्यांचे फलक, स्मरणवस्तूंची दुकाने, आकडे फिरवून उघडायची किल्ल्यांची लहान पेटी, एकाच घराच्या भिंतीवर एसीच्या चार-पाच पेट्या, एका जुन्या घरावर नवे कोरे अर्धा डझन वीजमीटर. कुठले भित्तिचित्र कुठल्या रकान्याच्या शेजारी आहे ते खुणेने दाखवायचे. घरांची नावे, क्रमांक, माणसांची नावे कागदावर येऊ देऊ नका, आणि "तुमचे भाडे किती?" असले प्रश्न कुणाला विचारायचे नाहीत.

मग प्रत्येक चित्राला चार प्रश्न: भिंत कोणाची, पैसे कोणाचे, चित्र कोणाविषयी, आणि कोणासाठी? उत्तर बहुधा चित्रातच असते. खालच्या कोपऱ्यात सही आहे की कंपनीचे चिन्ह? महोत्सवाचे नाव आहे की पालिकेचा स्वच्छतेचा संदेश? चित्रात ओळखीचे माणूस आहे, की कुठल्याही समुद्रकाठच्या शहरात खपेल असा नारळ, स्कूटर आणि पोपट? आमचे मत स्पष्ट आहे: ज्या चित्रात त्या जागेचे माणूस, काम किंवा आठवण आहे त्याला त्या भिंतीवर जास्त हक्क आहे. मुलांचे मत वेगळे पडले तर फार चांगले, फक्त कारण लिहून आणायला सांगा.

फोटोंविषयी थोडे. गल्ल्या अरुंद, त्यामुळे अख्खे चित्र एका फोटोत मावत नाही. वाइड लेन्स वापरली की कडा ताणल्या जातात आणि चेहरे बिघडतात. त्यापेक्षा फोन भिंतीला समांतर धरून डावीकडून उजवीकडे तीन-चार फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्याचा एक तृतीयांश भाग यायला हवा. शाळेत ते जोडता येतात. अर्धी सावली, अर्धे ऊन असलेली भिंत टाळा, पूर्ण सावलीत रंग खरे येतात. कोपऱ्यात एक मूल उभे केले तर आकार कळतो, पण त्याचा चेहरा कुठे छापायचा असेल तर पालकांची परवानगी घ्या. आणखी एक बारकावा: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या कलाकृतींच्या फोटोंना जी सूट आहे तिच्यात वास्तू, शिल्पे आणि कारागिरीच्या वस्तू येतात, रंगवलेल्या चित्रांचा तिथे उल्लेख नाही. मुलांच्या प्रकल्पवहीला अडचण नाही. शाळेच्या विक्रीच्या कॅलेंडरवर किंवा टी-शर्टवर ते चित्र छापायचे झाल्यास मात्र चित्रकाराला विचारा.

सां तोमेहून पुढे ताकद असेल तर दोन ठिकाणे जोडा. आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जोर्ज कोलासो या पोर्तुगीज कलाकाराने केलेले निळ्या-पांढऱ्या फरशांचे आझुलेजो आहेत, १९३५ चे, पोर्तुगीज कवी कामोइंशच्या 'लुझिअद' या महाकाव्यातल्या प्रसंगांचे. पोर्तोच्या सां बेंतो रेल्वे स्थानकातल्या प्रसिद्ध फरशाही याच कोलासोच्या. आठवड्याच्या कामाच्या दिवशी जा आणि आधी फोनवर विचारून घ्या. आझुलेजो पावसाला का भीत नाही ते इथे सांगता येते: कोबाल्टचा निळा फरशीच्या काचेरी लेपावर लावून भट्टीत भाजतात, रंग लेपातच विरघळून बसतो, त्याला सुटायला पापुद्राच नसतो. परतताना पणजीच्या बाजारात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या शैलीतली भित्तिचित्रे बघा. त्यांत बाजारच बाजाराच्या भिंतीवर आला आहे. चार प्रश्नांपैकी 'कोणाविषयी' आणि 'कोणासाठी' यांचे उत्तर इथे एकच निघते.

आणि "हे परदेशी खूळ" असे शाळेत कोणी म्हणालेच तर कावी दाखवा. गोव्याच्या आणि कोकणच्या देवळांतली ही आपली भित्तिकला. मोरजीच्या मोरजाई देवळात ती आहे. शिंपल्यांचा चुना आणि धुतलेली वाळू गुळाच्या पाण्यात मुरवून गिलावा करायचा, त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर द्यायचा, आणि तो ओला आहे तोवर टोकदार सुईने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. मग गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी आणायची. इथे चित्र भिंतीवर बसवलेले नसते, गिलाव्यातच असते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात हे सांगितलेत तर पणजीतल्या सोललेल्या अॅक्रिलिकसमोर मुले वेगळ्या नजरेने उभी राहतील.

तुमच्या शाळेची भिंत राहिली. हट्ट पुरवा, पण भिंत तयार केल्याशिवाय ब्रश देऊ नका. कुंपणभिंतीला छप्पर नसते आणि पाणी माथ्यातून आत शिरते, चित्र बिघडण्याचे पहिले कारण तेच. माथ्याला उतार देऊन सिमेंटचा थर आणि भिंतीबाहेर दोन बोटे आलेली कड करून घ्या. गिलावा नवा असेल तर २८ दिवस जाऊ द्या. जुनी भिंत तारेच्या ब्रशने घासा, शेवाळनाशक लावा, धुवा, वाळवा. मग ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी घट्ट चिकटवून एक दिवस ठेवा. आतून दव धरले तर भिंत अजून ओली आहे, थांबा. दव नसेल तर बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात, त्यावर इमल्शनचे दोन हात, दोहोंमध्ये किमान चार तास.

पाच मीटर लांब आणि दोन मीटर उंच भिंत धरली तर क्षेत्रफळ दहा चौरस मीटर. गुळगुळीत गिलाव्यावर एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण दहा चौरस मीटर जाते, खडबडीत असेल तर बरेच कमी. म्हणजे प्रायमर दीड लिटर, बैठकीचा रंग अडीच लिटर, आणि चित्राचे पाच-सहा रंग प्रत्येकी पाव ते अर्धा लिटर. ऑक्साइडचे रंग जास्त घ्या, भडक लाल-पिवळे कमी. भिंतीवर फूटभराच्या चौकटी खडूच्या दोरीने मारा आणि वहीतल्या रेखाटनावर तेवढ्याच चौकटी पाडा. वरून खाली रंगवा, नाहीतर ओघळ तयार भागावर येतात. तळाचा फूट-दीड फूट चित्राविना सोडून कावेच्या रंगाचा साधा पट्टा ठेवा, दरवर्षी तेवढाच पुन्हा मारता येईल. दुपारी तापलेल्या भिंतीवर रंग लावला तर तो धरायच्या आधीच सुकतो, तेव्हा सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर काम करा. वर चकचकीत वार्निश कोणी सुचवेल, लावू नका, ओल अडते.

पावसानंतर आपल्याकडे भिंती नोव्हेंबरपर्यंत ओल धरून असतात, आणि एप्रिलमध्ये ऊन डोक्यावर. म्हणून जानेवारीत सहल, त्याच महिन्यात माथ्याचे आणि गिलाव्याचे काम, फेब्रुवारीत रेखाटन आणि रंग. मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपवलेत तर जूनच्या पहिल्या सरीआधी रंगाला तीन महिने मिळतील.